तुम्ही कुठे असता?

मराठी माणसाला नवा माणूस भेटला, नाव-गाव विचारून झाले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्ही कुठे असता?’ याचा अर्थ ‘तुम्ही कुठे राहता’ असा नाही, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. उत्तर येते, ‘मी पोस्टात असतो’, ‘हे रेल्वेत असतात’, ‘आमची सून शाळेत असते’. नोकरीसाठी आपल्या भाषेने ‘असणे’ हे साधे, पण मोठे क्रियापद वापरले आहे. दिवसाचे आठ-दहा तास आणि आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे जिथे जातात, तिथे माणूस नुसते काम करीत नाही, तिथे तो ‘असतो’, अशी ही समजूत आहे.

मात्र कान देऊन ऐकले तर दुसऱ्या तऱ्हेची उत्तरेही ऐकू येतात. वीटभट्टीवर जाणारी बाई ‘मी भट्टीवर असते’ असे म्हणत नाही. ‘कामाला जाते’ एवढेच म्हणते. कंत्राटदाराकडचा मुलगा म्हणतो, ‘सध्या लागलोय एका ठिकाणी.’ त्या ‘सध्या’मध्ये सारे आले. म्हणजे कामाच्या जागी ‘असणारी’ माणसे वेगळी आणि तिथे नुसती ‘जाणारी’ माणसे वेगळी. या दोघांमध्ये नेमका काय फरक असतो?

पगाराचा, असे चटकन म्हणता येईल. पण तेवढ्याने भागत नाही. हल्ली मोठमोठ्या कचेऱ्यांमधून वाढदिवसाला केक कापतात, एका रंगाचे शर्ट वाटतात, भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ असे लिहितात. तरीही माझ्या मित्रांची मुले-मुली घरी आली की सांगतात, ‘काका, पगार उत्तम आहे, पण तिथलं काही आपलं वाटत नाही.’ उलट, तुटपुंज्या मिळकतीवर एखाद्या कामाला जन्मभर चिकटून राहिलेली माणसेही आपण पाहतो. ‘त्यागी वृत्ती’ असे म्हणून आपण त्यांना नमस्कार करतो आणि मोकळे होतो. मला वाटते, त्यागाचे नाव घेतले की विचार करायचे थांबते. हे आपलेपण येते कशातून, ते पाहायला हवे.

त्यासाठी मी वाचकांना डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात घेऊन जाणार आहे. नोकरीच्या निमित्ताने १९९०च्या दशकात तीन वर्षे मी त्या भागात काढली. पश्चिम रेल्वेने गुजरातकडे जाताना डहाणू रोड स्टेशन लागते. रुळांच्या पश्चिमेला समुद्र, सुरूची झाडे, नरपड, घोलवड, बोर्डी ही गावे आणि चिकूच्या गर्द वाड्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे हे नाव आता सर्वांना माहीत आहे. रुळ ओलांडून पूर्वेला गेले की चित्र बदलते. डोंगर, भाताची खाचरे, पाड्यापाड्यांनी विखुरलेली वारल्यांची वस्ती. तिथून वर तलासरी, आणि पलीकडे गुजरातची हद्द. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता.

माणूस आणि त्याचे काम यांचे नाते काय असावे, या प्रश्नाची दोन उत्तरे या मुलखात एकाच वर्षी, १९४५ साली, शोधली गेली. एक झरी गावात, दुसरे बोर्डीत. दोन्ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत. दोन्हींकडच्या माणसांचे मार्ग मात्र अगदी निराळे होते.

आधी झरीची गोष्ट. त्या काळी वारली शेतात राबत होता, रानात राबत होता, सावकाराच्या अंगणात राबत होता. पण त्यातले एकही काम त्याचे नव्हते. जमीन बहुतेक सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेली. त्यांचा निरोप आला की आपले शेत टाकून वेठीला जायचे, आणि तेही फुकट. लग्नासाठी कर्ज काढले तर ते फेडण्यासाठी नवऱ्याने आणि बायकोने सावकाराकडे राबायचे. ते कर्ज जन्मात फिटत नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. लग्न आणि गुलामी यांचा एकच शब्द करावा लागला, यावरून त्या कामाची कल्पना यावी. माणूस कामाचा धनी नव्हता, काम माणसाचे धनी झाले होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला या भागातले काही वारली गेले. मे महिन्यात झरीला हजारो वारल्यांची सभा झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. गोदावरीबाई पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. झरीत ठरले ते अगदी थोडक्यात सांगता येते : वेठ करायची नाही, आणि जमीनदाराच्या जमिनीवर राबायचे तर दिवसाला बारा आणे रोख मजुरी घेतल्याशिवाय राबायचे नाही. पुढे पावसाळा सरल्यावर गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मरण पावले. जेठ्या गांगड हे त्यांपैकी एक. गोदावरीबाईंनी हा सारा इतिहास पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. माझ्या मते अगदी मुळाचा संबंध आहे. ज्या कामाला ‘नाही’ म्हणता येत नाही, ते काम कधीच आपले होत नाही. ‘हो’ला किंमत येते ती ‘नाही’ म्हणण्याची सोय असते म्हणून. बारा आण्यांची मागणी पोटाची होती हे खरेच. पण बारा आणे मागताना माणूस आणखीही काही सांगत असतो : माझ्या श्रमाची किंमत ठरवताना मीही तिथे बसणार. वारली त्याआधीही तेच गवत कापत होता, त्याच खाचरात राबत होता. फरक पडला तो एवढाच, आणि एवढा मोठा. आपलेपणाची पहिली पायरी ही अशी रोखठोक असते. ती वगळून जे आपलेपण सांगितले जाते, ते बहुधा मालकाच्या सोयीचे असते.

आता बोर्डी. त्याच वर्षी तिथे ताराबाई मोडक आल्या. त्या वेळी त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केलेले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली त्यात त्या होत्या, मुंबईत दादरला शिशुविहार उभे केलेले. म्हणजे नाव झाले होते, बस्तान बसले होते. शहरातल्या मुलांसाठी जे केले ते खेड्यातल्या, गरिबांतल्या गरीब मुलांसाठी करता येईल का, हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. वय पस्तीस. मूळ गाव मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि वर्ष उलटायच्या आत वैधव्य आले. त्या काळात अशा मुलीच्या वाट्याला घराचा एक अंधारा कोपरा यायचा. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत कित्येक वर्षे त्यांनी शिकवले. चांगली शाळा, पक्की नोकरी. ती सोडून त्या बोर्डीला आल्या.

बालवाडी उघडली; पण वस्तीतली मुले येईनात. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण अशा वेळी संस्था काय म्हणते, हे आपल्याला पाठ आहे. ‘आम्ही सोय केली, यांनाच नको.’ ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही.’ ताराबाई आणि अनुताई यांनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. त्या वस्तीत गेल्या, घरापुढचे अंगण झाडले, मुलांना आंघोळी घातल्या, केस विंचरले, आणि तिथेच गाणी-गोष्टी सुरू केल्या. अंगणातली ती बालवाडी म्हणजे अंगणवाडी. आज देशभर रूढ झालेला हा शब्द या किनाऱ्यावरच्या अंगणात घडला.

साधनांचेही तेच. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी, शिवाय त्या मुलांना परकी. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच साधने झाली. ज्या मुलाने लाकडी ठोकळा कधी पाहिला नव्हता, त्याला चिंचोका हातात घ्यायला कुणी शिकवावे लागत नाही. पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे नव्या अडचणी. मोठी मुले गुरे राखायला रानात जात. मग शाळा रानात गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असत, म्हणून त्या येत नसत. मग भावंडांसाठी पाळणाघर आले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी त्यातून उभी राहिली. दर अडचणीला बाईंनी शोधलेला उपाय एकाच जातीचा होता. त्यांनी मुलाला वळण लावण्याआधी शाळेला वळण लावले.

मला आपलेपणाची दुसरी पायरी इथे दिसते. कामाच्या जागी नवा माणूस आला की आपण त्याला म्हणतो, ‘हळूहळू रुळाल.’ म्हणजे बदलायचे ते त्याने. जागा जशी आहे तशीच राहणार. कोसबाडला हे उलटे झाले. जागेने माणसाकडे एक पाऊल टाकले, आणि मगच माणूस आत आला. गंमत अशी, की त्यामुळे मुलांना शाळा आपली वाटली तशी बाईंनाही ती आपली वाटली. स्वतः विचार करून, स्वतः मोडतोड करून जे उभे केले, ते परके कसे वाटेल? हुजूरपागेत अनुताई एका उत्तम चालणाऱ्या शाळेतील शिक्षिका होत्या. कोसबाडला शाळा म्हणजे काय, हेच त्यांना ठरवायचे होते. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई त्यानंतरही तिथेच राहिल्या, १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत. बोर्डीत पाऊल ठेवल्यापासून मोजले तर ती सत्तेचाळीस वर्षे होतात. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे नाव दिले, ते सहज दिलेले नाही. आपण कुठून बोलतो आहोत, हे ज्याला पक्के ठाऊक असते, तोच असे नाव देतो.

आता थोडे बँकेविषयी, कारण माझी हयात तिथे गेली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर शाखा खेड्यापाड्यांत गेल्या. पण शाखा गावात गेली म्हणजे गावाची झाली, असे होत नाही. मी त्या पट्ट्यातल्या ज्या शाखेत होतो, तिचे काउंटर छातीइतके उंच होते. चिकूचे व्यापारी, शिक्षक, होड्यांचे मालक सरळ आत येत. पाड्यावरून आलेला माणूस पायरीवर बसून राही. पितळी टोकन हातात धरायचे, नंबर पुकारला तरी उठायचे की नाही, याचा त्याला भरवसा नसे. स्लिप भरायला शिकलेला माणूस शोधायचा, त्याला चहाचे पैसे द्यायचे. खाते त्याचे, पैसे त्याचे, पण बँक दुसऱ्याची.

आमचे तेव्हाचे मॅनेजर फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी एक साधी गोष्ट केली. बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात एक टेबल आणि दोन बाकडी टाकली आणि एका क्लार्कला तिथे बसवले. स्लिपा भरून द्यायच्या, अंगठे तिथेच घ्यायचे, पासबुक भरून तिथेच परत करायचे. त्यासाठी वरून सर्क्युलर आले नव्हते, खर्चही झाला नव्हता. महिन्या-दोन महिन्यांत पायरी रिकामी झाली. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. त्या बाहेरच्या टेबलावर बसायला आधी कुणी तयार नसे, ऊन लागते म्हणून; नंतर त्यासाठी क्लार्क मंडळींत चढाओढ लागली. काउंटरमागे त्यांना लोकांचे नुसते हात दिसत होते. बाहेर माणसे दिसू लागली.

त्या टेबलाचा खरा आधार मात्र क्लार्क नव्हता, आमचा हंगामी शिपाई होता. वारली तरुण, दहावीपर्यंत शिकलेला. कोणता अंगठा कुणाचा, कोण कुणाची विधवा, कुणाचे नाव कागदावर चुकीचे पडले आहे, हे सारे त्याला तोंडपाठ. वारली बोलीतले बोलणे तो आम्हाला मराठीत सांगे आणि आमचे नियम त्यांना त्यांच्या बोलीत. सकाळी शटर तो उघडी, संध्याकाळी दिवे तो मालवी. मस्टरवर मात्र त्याचे नाव नव्हते. रोजची मजुरी व्हाउचरवर. वर्षात दोनशे चाळीस दिवस सलग भरू नयेत, म्हणून मध्येच त्याला काही दिवस घरी बसवायचे. कारण तेवढे दिवस भरले तर कायद्याने त्याला काही हक्क मिळाले असते. त्याच्याबद्दलची शिफारस शाखेतून दोनदा वर गेली आणि दोनदा परत आली. कुणाची बदली झाली की निरोपाचा फोटो निघे. तो फोटो हाच काढी, म्हणून एकाही फोटोत तो नाही.

नंतर हंगामी माणसे बंद करण्याचा हुकूम आला. बँकेचे नाव सांगण्यात अर्थ नाही. मी तोवर बदलून गेलो होतो. काही वर्षांनी तो मला डहाणू रोडच्या फलाटावर भेटला. बोलता बोलता मी म्हटले, ‘इतकी वर्षं बँकेत होतास, सगळे तुझी आठवण काढतात.’ तो हसून म्हणाला, ‘साहेब, मी बँकेत होतो असं कधी म्हटलंच नाही. बँकेत जायचो, असं म्हणायचो.’

त्याच्यात आपुलकी कमी नव्हती. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा ती शाखा त्याला अधिक कळत होती. पाऊल पुढे टाकणारी शाखाही त्याला मिळाली होती. कमी होती ती एक नोंद. आपलेपणाची तिसरी पायरी ही : ज्या जागेला आपण आपले म्हणतो, त्या जागेने आपल्याला आपल्या वहीत आपले म्हटले पाहिजे. भावना एका बाजूने आणि नोंद दुसऱ्या बाजूने, असे दोन्हीकडून जमा-खर्च जुळावे लागतात. एकाच बाजूने लिहिलेला हिशेब बँकेत चालत नाही. माणसाच्या बाबतीत तो का चालावा?

हा प्रश्न आज कुणाला सर्वांत जास्त लागू पडत असेल, तर तो अंगणवाडीच्या ताईंना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि बोर्डीच्या अंगणातला तो शब्द देशाचा झाला. आज देशात जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत. तिथली सेविका मुलांना शिकवते, वजने घेते, पोषण आहार देते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, लसीकरणाला मुले गोळा करते. गावातले प्रत्येक मूल तिच्या वहीत असते. पण ती स्वतः सरकारच्या वहीत कर्मचारी म्हणून नसते. ती ‘मानसेवी’. तिला मिळते ते ‘मानधन’, वेतन नव्हे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले होते, की ही पदे सरकारी नोकरीतली पदे नव्हेत. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात निर्णय दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. बँकेतून निवृत्त होताना ग्रॅच्युइटीचा चेक हातात पडला, तेव्हा मला तो एक रीतीचा कागद वाटला होता. ज्यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, त्यांना त्याचा अर्थ नीट माहीत आहे. तुम्ही इथे होतात, एवढे तो कागद कबूल करतो. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३पासून जानेवारी २०२४पर्यंत दीर्घ संप केला, त्यातही मागणी पैशाइतकीच या कबुलीची होती.

अशा वेळी अनुताईंचे उदाहरण पुढे केले जाते. ‘त्यांनी कुठे पगाराचा विचार केला?’ मला हा युक्तिवाद पटत नाही. अनुताईंनी आपले काम स्वतः निवडले होते आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यांच्याकडे होती. सेविकेला आज अंगणातही रजिस्टरे भरायची असतात आणि मोबाईलवर माहितीही चढवायची असते. त्यातले तिला विचारून ठरलेले काहीच नसते. मोकळीक द्यायची नाही आणि त्याग मात्र मागायचा, याला आपलेपण म्हणता येणार नाही. झरीची पायरी गाळून कोसबाडला पोचता येत नाही. एकीकडे लाल बावटा, दुसरीकडे बालगीते. या दोघींचे मार्ग वेगळे होते हे खरे. पण वेठीत जखडलेल्या आई-बापाच्या मुलाला कुठली शाळा आपली वाटणार होती? आणि बारा आणे मिळवलेल्या बापाचे मूल अंगणात शिकलेच नसते, तर ते बारा आणे पुढच्या पिढीत कितीसे टिकले असते? आज तलासरीत गोदावरीबाईंच्या नावाचे महाविद्यालय आहे. हा रस्ता अखेर शाळेपाशीच येतो, ही मला मोठी बोलकी गोष्ट वाटते.

डहाणूचे आजचे चित्र संमिश्र आहे. एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. पहाटेच्या गाडीने शेकडो जण कामाला जातात आणि रात्री परततात. घर इथे, काम तिथे, आणि ‘असणे’ कदाचित गाडीतच. पावसाळा संपला की पूर्व भागातली कुटुंबे अजूनही वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात गरजेला उचल घेतलेली असते, ती भट्टीवर राबून फेडायची असते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण ‘उचल’ या शब्दात ‘लग्नगडी’ या शब्दाची सावली आहे, हे नाकारता येत नाही. आणि वाढवणच्या किनाऱ्यावर मोठे बंदर होऊ घातले आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. लाखो रोजगारांची भाषा होते आहे. किनाऱ्यावरचे मच्छीमार मात्र काळजीत आहेत. रोजगार किती, हा आकडा महत्त्वाचाच. पण आपल्या होडीवर, आपल्या समुद्रात काम करणारा माणूस उद्या कुणाच्या तरी गेटवर पास दाखवून आत जाणार असेल, तर नोकरी मिळूनही त्याचे काहीतरी जाणार आहे. त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. बंदर व्हावे की नाही, हा वाद या लेखाचा नाही. पण तिथल्या कामाचा विचार करताना त्या माणसाला बोलावून बसवले जाणार आहे का, हे विचारायला हरकत नसावी.

हे सारे डहाणूचे झाले. आपले काय, असे रविवारच्या सकाळी चहा घेता घेता वाचणाऱ्यांना वाटेल. तर आपले घर हीसुद्धा कुणाची तरी कामाची जागा असते. धुण्या-भांड्याला येणाऱ्या बाईंबद्दल आपण कौतुकाने सांगतो, ‘त्या आमच्या घरातल्याच आहेत.’ ते मनापासून म्हटलेले असते, यात शंका नाही. पण तिन्ही पायऱ्या इथे लावून पाहाव्यात. ‘आज जमणार नाही’ असे त्या न घाबरता म्हणू शकतात का? त्यांच्या मुलाची शाळा, त्यांची कंबरदुखी, त्यांच्या बसची वेळ यांच्यासाठी आपल्या घराच्या वेळापत्रकाने कधी एक पाऊल पुढे टाकले आहे का? महिन्याच्या चार सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, दरवर्षीची वाढ हे ठरलेले आणि लिहिलेले आहे, की ते आपल्या मर्जीवर आहे? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर ‘घरातल्या’ हा शब्द खरा. एरवी तो आपल्या समाधानाचा.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी केक जरूर कापावेत. पण कोसबाडच्या बाईंनी केले तसे एकदा करून पाहावे. एखादा माणूस आपल्या जागेत रमत नसेल, तर ‘हा कधी रुळणार?’ असे विचारण्याआधी ‘इथले काय बदलले तर हा आत येईल?’ असे विचारावे. उत्तर बहुधा फार खर्चाचे नसते. कधी ते एक पाळणाघर असते, कधी व्हरांड्यातले टेबल, कधी मस्टरवरची एक ओळ. आणि ज्यांची नोकरी नुकतीच लागली आहे, त्या आमच्या मित्रांच्या मुलांना एवढेच सांगावेसे वाटते, की जागा आपली वाटण्याची वाट पाहत बसू नका. त्या कामातला एखादा तुकडा, लहानसा का असेना, स्वतःच्या डोक्याने थोडा बदलून पाहा. तो बदलू दिला तर ती जागा तुमची होण्याजोगी आहे. साधा प्रश्न विचारण्याचीही तिथे मुभा नसेल, तर भिंतीवर काहीही लिहिलेले असो, तुम्हाला परके वाटते यात तुमचा दोष नाही.

कोसबाडची टेकडी डहाणू रोड स्टेशनपासून लांब नाही. घोलवडला चिकू घ्यायला गाडी काढून जाणारे पुष्कळ असतात. त्यांनी तास-दोन तास काढून टेकडीवरही जाऊन यावे. मुलांना बरोबर न्यावे. आणि परतताना वाटेतल्या एखाद्या पाड्यावर अंगणवाडी दिसली, तर तिथल्या ताईंशी दोन शब्द बोलावेत. आधी त्यांचे नाव विचारावे, मग त्या किती वर्षे तिथे आहेत ते.